देव्हाऱ्यातला १८६२ चा राणीछाप रुपया: ग्रेड कसा ठरवायचा, किंमत कशी काढायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. आजी गेल्यावर देव्हाऱ्यातल्या डबीत व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा चांदीचा रुपया निघाला. घरात तो पणजोबांपासून आहे. सराफाने तोळ्याच्या भावाने मागितला. आतेभावाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवून "दोन-तीन लाख कुठे गेले नाहीत" असं सांगितलं. भावंडांत वाटणी करायची आहे म्हणून तुम्हाला खरा आकडा हवाय, आणि शेवटी विचारलंय की दाखवायला नेण्याआधी चिंचेने घासून लख्ख करून घेऊ का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची महिनाभर थांबली तरी काही बिघडत नाही. घासू नका. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, यांतलं काहीही लावू नका. टांकसाळीत ठसा जोरात दाबला जातो तेव्हा चांदी किंचित वाहते आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नव्या नाण्याची जिवंत चमक त्या रेषांमुळे असते. चिंचेतलं आम्ल आणि तुमचा अंगठा मिळून वरचा काळा थर काढतात, पण त्याबरोबर या रेषाही खरवडल्या जातात. मग उरतो तो सपाट पांढरा लखलखाट, कल्हई केलेल्या भांड्यासारखा. घरच्यांना तो छान वाटतो, जाणकाराला हातभर अंतरावरून कळतो. एक गृहस्थ माझ्याकडे वाडवडिलांचे चाळीसेक रुपये घेऊन आले होते. "तुम्हाला नीट दिसावेत म्हणून काल रात्री सगळे बसून घासले," असं अभिमानाने म्हणाले. त्यांतल्या सहा-सात नाण्यांवरचे राणीच्या केसांचे पेड इतके शाबूत होते, की आदल्या दिवशी ती आली असती तर मी खुर्चीत सावरून बसलो असतो. आता ती चांदी होती.

चालतं ते इतकंच: हळदीकुंकू आणि तेलाची पुटं बसली असतील तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत काही मिनिटं नाणं बुडवून ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि मऊ सुती कापडावर ठेवून पाणी टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. अ‍ॅसिटोन भडका घेतं, तेव्हा हे काम समईजवळ किंवा गॅसजवळ करू नका. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत सुगंध आणि तेल मिसळलेलं असतं, ती नको. चांदीवरची करडी, निळसर, तपकिरी झाक यानेही जाणार नाही, आणि जाऊही नये. तिला आम्ही टोनिंग म्हणतो. जुन्या रुपयावर ती असणं ही बहुधा त्याला कुणी छळलेलं नाही याची खूण असते.

आता नाणं नेमकं कुठलं ते पाहू. ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय याचा दर्जा, हा त्यानंतरचा मुद्दा. कंपनी सरकारने १८३५ मध्ये आपल्या मुलखात एकसारखी नाणी आणली. पहिल्या रुपयांवर चौथा विल्यम आहे. १८४० च्या रुपयावर व्हिक्टोरिया आली, तेव्हा तिच्या डोक्यावर मुकुट नव्हता आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव होतं. सत्तावनच्या उठावानंतर, १८५८ मध्ये कारभार राणीकडे गेला आणि १८६२ पासून मुकुटधारी राणी व मागे नक्षीच्या चौकटीत 'वन रुपी इंडिया १८६२' असा रुपया पडू लागला. पुढच्या बाजूला 'व्हिक्टोरिया क्वीन' असं लिहिलेलं असतं. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारानंतर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं. तुमच्या नाण्यावर 'एम्प्रेस' आणि १८६२ हे दोन्ही एकत्र दिसत असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, ते नाणं कुणीतरी नंतर बनवलेलं आहे.

१८६२ या सालाची एक गंमत आहे आणि तुमच्या किमतीचा अर्धा फैसला तीच करते. रुपयावरचं हे साल त्यानंतर बारा वर्षं बदललंच नाही. १८७४ पर्यंत पडलेल्या रुपयांवरही १८६२ च कोरलेलं आहे. त्यामुळे १८६२ चा रुपया हा एकाच वर्षाचा नसून डझनभर वर्षांचा माल आहे आणि संख्येने भरपूर आहे. गावोगावच्या देव्हाऱ्यांत, माळांत, गाडग्यांत जो राणीछाप सापडतो त्यांतला मोठा भाग हाच. मात्र खरं वर्ष कळावं म्हणून ठशांमध्ये अगदी बारीक ठिपके घातले जायचे. मागच्या बाजूचा मजकूर आणि सालाचा आकडा यांच्या वरखाली दहापट भिंगाने शोधा. ठिपके किती आणि कुठे, राणीच्या अंगरख्याच्या पुढच्या पट्टीवरची नक्षी कशी, मागची फुलं कशी, यांवरून संग्राहक या एका सालाचे अनेक उपप्रकार करतात. बिनठिपक्याचा साधा रुपया आणि एखादी क्वचित दिसणारी ठिपक्यांची जोडी यांच्या भावात अनेक पटींचा फरक असू शकतो. म्हणून 'माझ्याकडे १८६२ चा आहे' एवढ्या माहितीवर कुणी आकडा सांगत असेल, मग तो सराफ असो की आतेभाऊ, तर तो हवेत सांगतोय.

दुसरी गोष्ट वजन. या रुपयाचं ठरलेलं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम भरते. सराफाच्या मापाशी याचं जुनं नातं आहे. इंग्रजांनी तोळा बांधला तोच १८० ग्रेनचा, म्हणजे रुपया तराजूत टाकला की तोळा झाला. आपल्याकडे 'रुपयाभार' हा शब्द त्यातूनच रुळला. पण आज आपल्या पेढ्यांवर तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. तेव्हा "एक तोळ्याचे घ्या" असं सराफ म्हणतो तेव्हा तो दहा ग्रॅमचे पैसे देऊन साडेअकरा ग्रॅमचं नाणं घेत नाही ना, हे विचारून घ्या. लबाडी असतेच असं नाही, पण पावणेदोन ग्रॅमच्या आसपासचा हा घोळ मी बऱ्याचदा ऐकलाय.

शंभर वर्षं हाताळलेला रुपया ११.४ ग्रॅमपर्यंत उतरलेला असू शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नक्षी ठसठशीत आणि वजन मात्र ११ च्या खाली, असं असेल तर संशय घ्या. खरेपणा तपासायला कसोटीच्या दगडावर कड घासू देऊ नका. सवयीने सराफाचा हात तिकडे जातो, तेव्हा नाणं त्याच्या हातात देण्याआधीच सांगा. त्याऐवजी एक घरगुती पण चोख रीत आहे. शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. अस्सल जुन्या रुपयाचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला काटा साधारण १.१३ दाखवेल. साडेनऊ आलं तर चांदी निम्मीच आहे. १९४० ते १९४५ चे सहाव्या जॉर्जचे रुपये खरोखर तसेच होते, पण १८६२ च्या नाण्यात ते चालणार नाही. साडेआठ-नऊ आलं तर पितळ-तांब्यावर मुलामा. लोहचुंबकाने फक्त एक गोष्ट कळते: चिकटलं तर ती चांदी नाही. खणकन वाजवून पाहायची आपली जुनी पद्धतही ठीकच, फक्त फरशीवर आपटू नका. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हळूच टिचकी मारा. चांदी लांबवर गुणगुणते.

आता ग्रेड. जगभर आज एक ते सत्तर अशी मोजपट्टी वापरतात. ती १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने तिथल्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली होती, नंतर सगळ्या नाण्यांना लागली. आपल्या बाजारात मात्र आकड्यांपेक्षा नावं चालतात: खालून वर गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड) आणि यूएनसी (अनसर्क्युलेटेड). पहिलाच धक्का नावांचा बसतो. 'गुड' म्हणजे चांगलं असं इथे मुळीच नाही, गुड म्हणजे जवळजवळ गुळगुळीत झालेलं. 'फाइन' म्हणजे मध्यम. विकणाऱ्याने "फाइन कंडिशन" म्हटलं की घरच्यांना वाटतं स्तुती चाललीये.

आणि एक सवय लावून घ्या. नाणं हातात घेताना ते परक्याचं आहे असं समजा. आजीचं म्हणून पाहिलंत की ग्रेड आपोआप दोन पायऱ्या वर चढतो. हे मी लोकांना हसत सांगत नाही. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या नाण्यांना मी दहा वर्षं एक्सएफ म्हणत होतो, ती व्हीएफ आहेत.

पाहायची पद्धत अशी. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि एकच दिवा एका बाजूने येऊ द्या. नाणं कडेने धरा, खाली जाड कापड असू द्या. आता ते हळूहळू कलतं करत गोल फिरवा. टांकसाळीची मूळ चमक शिल्लक असेल तर प्रकाशाचा पट्टा बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा फिरताना दिसतो. घासलेल्या नाण्यात पट्टा फिरत नाही, एकाच जागी सगळं चकाकतं आणि असंख्य समांतर ओरखडे उजळतात. हे नुसत्या डोळ्यांनी झाल्यावर भिंग घ्या आणि सगळ्यात उंच जागा बघा, कारण झीज तिथूनच सुरू होते. तुमच्या रुपयावर त्या जागा म्हणजे राणीच्या कानावरचे केस, मुकुटावरचे मणी आणि अंगरख्यावरचं भरतकाम. मागच्या बाजूला फुलांच्या पाकळ्या आणि पानांच्या शिरा.

केस म्हणजे एक सपाट गोळा, मुकुटाची नुसती बाह्यरेषा आणि अंगरखा कोरा, पण अक्षरं सगळी वाचता येतात: गुड ते व्हेरी गुड. केसांचे मोठे पेड कळतात, भरतकामाची अर्धीअधिक नक्षी गेलेली: फाइन. भरतकामाचा नमुना ओळखू येतो, केसांचे पेड वेगळे दिसतात, फक्त वरचे टोकदार भाग बसके झालेत: व्हीएफ. देव्हाऱ्यातले बहुतेक राणीछाप फाइन आणि व्हीएफ यांच्या मध्ये कुठेतरी असतात. एक्सएफमध्ये प्रत्येक मणी आणि प्रत्येक शीर जागेवर असते, झीज शोधावी लागते, आणि अक्षरांच्या खाचांत थोडी मूळ चमक लपलेली सापडते. एयूमध्ये झीज जवळजवळ नाहीच, गालावर आणि केसांवर फक्त रंग बदलल्यासारखा वाटतो, एखाद्या जागी बोट फिरलंय एवढं. यूएनसी म्हणजे व्यवहारात न गेलेलं. असा १८६२ चा रुपया घरात निघणं अशक्य नाही, पण पूजेतला असेल तर आशा धरू नका.

इथे नवशिके एका ठिकाणी हमखास फसतात. कधी कधी ठसाच नीट उमटलेला नसतो, आणि केस मुळातच सपाट असतात. झीज आणि कमजोर छाप यांतला फरक पोतावरून कळतो. झिजलेली जागा गुळगुळीत आणि भोवतालपेक्षा वेगळ्या रंगाची असते. कमजोर छापेची जागा मात्र बाकीच्या पृष्ठभागासारखीच रवाळ आणि चमकदार राहते. मोकळ्या जागेत, राणीच्या नाकासमोरच्या भागात, चमक फिरतेय आणि केस मात्र सपाट आहेत, असं दिसलं तर नाणं दिसतं त्यापेक्षा वरच्या ग्रेडचं आहे. उलटही होतं. व्हीएफ नक्षी असलेलं नाणं घासलेलं असेल तर ते व्हीएफ राहत नाही. बाजारात त्याला "व्हीएफ, पण क्लीन्ड" म्हणतात आणि त्या 'पण'मध्ये किमतीचा मोठा भाग जातो.

पूजेतल्या नाण्यांची झीज वेगळीच असते, तीही सांगतो. बाजारात फिरलेला रुपया दोन्ही बाजूंनी सारखा झिजतो. पूजेतला रुपया दर दिवाळीला ताम्हनात येतो, दूध-दही-पाणी होतं, अंगठ्याने चोळून पुसला जातो, आणि चोळली जाते ती बहुधा राणीची बाजू. त्यामुळे चेहरा फाइन आणि मागची नक्षी एक्सएफ असे रुपये मी शेकड्याने पाहिलेत. ग्रेड द्यायचा झाला तर कमजोर बाजूने देतात. मागची बाजू कितीही सुंदर असली तरी ती चेहऱ्याला तारत नाही.

कडीची खूणही तपासा. अनेक घरांत रुपयांची माळ असायची, मग माळ मोडून रुपये सुटे केले गेले. कडी काढून टाकली तरी डाखाची खूण राहते. नाण्याची कड बोटाने फिरवून बघा, दाते एखाद्या जागी भरलेले किंवा घासलेले लागतील. बाराच्या ठोक्याच्या जागी, म्हणजे मुकुटाच्या वर, हे जास्त सापडतं. मोकळ्या जागेत चंद्रकोर, टिंब किंवा फुलीसारखा छोटा ठोकलेला ठसा असेल तर ती सराफाने खरेपणा पारखल्याची खूण. इतिहास म्हणून मला त्या खुणा आवडतात, पण ग्रेडच्या हिशेबात कडी, भोक आणि सराफी ठसा हे तिन्ही दोषच. त्यांतलं भोक सगळ्यात वाईट.

एवढं झाल्यावर किंमत काढणं तुलनेने सोपं असतं. तळ म्हणजे चांदी. १०.६९ ला त्या दिवसाच्या शुद्ध चांदीच्या ग्रॅमच्या भावाने गुणा. उदाहरणापुरतं, भाव शंभर रुपये ग्रॅम धरला तर १,०६९. सराफ घट आणि आपली कमाई वजा करून त्यापेक्षा कमी देईल, ते रीतीचंच आहे. गुड-फाइन ग्रेडचा, घासलेला, साध्या प्रकारचा १८६२ बहुतेक वेळा या तळाच्या आसपासच राहतो, थोडा वर. चांदी महागली की अशा नाण्यांची बाजारातली किंमत आणि मोडीची किंमत यांतलं अंतर जवळजवळ संपतं.

त्याच्या वरचं सगळं ग्रेड आणि उपप्रकार ठरवतात, आणि तिथे वाढ सरळ रेषेत होत नाही. फाइनवरून व्हीएफला गेलं की किंमत थोडी सरकते. एक्सएफवरून एयूला आणि तिथून यूएनसीला गेलं की उडी मारते, कारण खाली माल भरपूर आहे आणि वर फारच थोडा. म्हणून मी म्हणतो की व्हीएफ की फाइन यावर घरात भांडू नका, त्यातून फारसं निघत नाही. तुमचं नाणं एक्सएफच्या वर आहे का आणि त्यावर ठिपके आहेत का, हे दोनच प्रश्न पैशाचे आहेत.

भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका. ऑनलाइन कुणीही काहीही मागू शकतं. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं बघा. मुंबई, अहमदाबाद, बंगळुरू इथली नाण्यांची लिलावगृहं जुन्या लिलावांचे निकाल फोटोंसह ठेवतात. तुमच्याच उपप्रकाराचे, तुमच्याच ग्रेडचे चार-पाच निकाल काढा. सगळ्यात वरचा सोडून द्या, त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असतील. उरलेल्यांचा मधला आकडा घ्या. त्यातून लिलावगृहाचं कमिशन वजा करा, कारण निकालात दिसते ती रक्कम विकणाऱ्याच्या हाती पूर्ण पडत नाही. व्यापाऱ्याला थेट विकलंत तर याहून कमी मिळेल. त्यालाही ते विकून कमवायचं आहे, आणि कदाचित सहा महिने पेटीत ठेवायचं आहे.

आतेभावाने दाखवलेल्या व्हिडिओंबद्दल थोडं रोखठोक लिहितो. त्यांत तीन-चार नाणी पुन्हा पुन्हा येतात. एक, १६१६ किंवा १८१८ सालाची, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि रामपंचायतन किंवा हनुमान असलेली आण्याची नाणी. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती जत्रा-देवळांत विकलेली टोकनं आहेत, त्यांना रामटंका म्हणतात, आणि धातूपलीकडे त्यांना किंमत नाही. दोन, तांदूळ ओढणारं नाणं. तांदळाचे दाणे ओढणारं नाणं जगात नाही, ओढणारा माणूस आहे आणि तो तुमचे पैसे ओढतो. महाराष्ट्रात यापायी जमिनी विकलेले लोक मला माहीत आहेत. तीन, १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. ही गोष्ट खरी आहे. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणं मागे घेतलं गेलं आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड सुधारली. डुकरछाप रुपयाला इतरांपेक्षा जास्त भाव मिळतो, पण लाखांची गोष्ट विसरा. चार, १९३९ चा रुपया. हा खरंच दुर्मीळ आहे, जुन्या शुद्धतेच्या चांदीचा तो शेवटचा, आणि म्हणूनच त्याच्या नकला सर्वाधिक. १९३८ मधल्या आठाचा नऊ केलेलेही मी पाहिलेत. याच्या उलट टोकाला १९१८ आणि १९१९ चे रुपये. पहिल्या महायुद्धाच्या खर्चापायी चांदी इतकी लागली, की अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती हिंदुस्थानाकडे पाठवली. त्या दोन सालांत मुंबई आणि कलकत्ता या प्रत्येक टांकसाळीने वर्षाला वीस कोटींहून जास्त रुपये पाडले. शंभरी ओलांडली म्हणून त्यांना कुणी जास्त देत नाही.

"रिझर्व्ह बँक तुमचं नाणं विकत घेईल, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलंही कमिशन घेत नाही. नाण्यासाठी विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा सरळ व्यवहार मी तरी पाहिलेला नाही.

कायद्याचं एकच कलम तुमच्या उपयोगाचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाचीला आठवण म्हणून देऊ, तिच्या बॅगेत टाकू, हे करू नका. याच कारणाने "परदेशी कंपनीकडे पाठवून प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद डबीत, ग्रेड करून घ्या" हा सल्लाही तुमच्या नाण्याला लागू नाही. देशात ठेवायला आणि विकायला अडचण नाही, विकत घेणारा परवानाधारक व्यापारी आहे ना एवढं बघा. घरात वारशाने आलेलं नाणं आणि शेतात नांगरताना सापडलेलं नाणं यांतही फरक आहे. शेतात सापडलेल्याला १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

अशाच डबीत शिवराई निघाल्याचे प्रश्नही येतात, म्हणून दोन वाक्यं. हाताने घण मारून पाडलेल्या तांब्याच्या नाण्याला रुपयाचा ग्रेड लावता येत नाही. तिथे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं तुकड्यावर किती बसलीत ते आधी बघतात, झीज नंतर. आणि कुणी घरचा होन म्हणून सोन्याचं नाणं दाखवलं तर पैसे काढण्याआधी दोन स्वतंत्र जाणकारांना दाखवा, नकली होन अस्सलांपेक्षा कितीतरी जास्त फिरतात. शिकायची हौस असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय एक दिवस काढून बघा.

वाटणीसाठी माझा सल्ला असा. कोरडं वजन आणि पाण्यातलं वजन करा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो एका बाजूच्या प्रकाशात, फ्लॅश न वापरता काढा, मागच्या मजकुराचा एक जवळून घ्या. ठिपके नसतील आणि चेहरा फाइनच्या आसपास असेल, जे मला सर्वांत शक्य वाटतं, तर किंमत चांदीची आणि वर थोडी. मग तो रुपया ज्याला हवा त्याने घ्यावा आणि बाकीच्यांना चांदीचा भाव द्यावा. त्यासाठी लिलावाच्या वाटेला जाण्यात राम नाही. ठिपके दिसले किंवा प्रकाशाचा पट्टा खरोखर फिरला, तर कुणालाही विकू नका, फोटो दोन जाणकारांना वेगवेगळे दाखवा आणि दोघांनाही दुसऱ्याचा आकडा सांगू नका.

तोवर नाणं मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर धरतो. नाण्यांसाठी मिळणारी पुठ्ठ्याची चौकट किंवा कडक पारदर्शक डबी घ्या. आणि यंदाच्या लक्ष्मीपूजनाला ताम्हनात दुसरा एखादा रुपया ठेवा, हा डबीतच राहू दे.